ऑक्टोबर छाटणीची तारीख आता धरायची तरी कशी?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात आमची ४ एकर द्राक्षबाग आहे, ३ एकर थॉमसन ही हिरवी जात आणि १ एकर शरद ही काळी. परवा शेवटची गाडी भरून गेली आणि काल रात्री वही उघडून बसलो. दरवर्षी या दिवसांत पैशांचा हिशेब करतो, यंदा तारखांचा करतोय.

आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या काळात गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरात करतात त्या छाटणीची, तारीख कुणी कुणाला विचारत नसे. घट बसले की कात्र्यांना धार लावायची, दसऱ्याला पहिली ओळ छाटायची आणि दिवाळीत बाग पोपटी झालेली बघायची. पाऊस तोवर गेलेला असायचा.

मी बाग हातात घेतल्यापासूनचं सांगतो. २०१९ ला सप्टेंबरअखेर छाटली. घड दोड्यात, म्हणजे फुलोऱ्याआधीच्या कळीत, असताना ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस लागला तो हटेचना. घड कुजून गळाले, राहिले त्यांच्यावर डाऊनी, पान भिजलं की येणारा बुरशीसारखा रोग. मग ठरवलं की उशिरा धरू. २०२३ ला १५ ऑक्टोबरला छाटली, तर २६ नोव्हेंबरच्या गारपिटीत फुलोऱ्यातली बाग झोडपली गेली. सकाळी बागेत गेलो तेव्हा ओळीत पानांचा चिखल झाला होता. २०२५ ला मधली ८ ऑक्टोबर धरली. फूट अशी जोरात निघाली की बघत राहावं, पण फुटीवर घडच नाही. वेलीला ३५-४० घड मोजायची सवय, यंदा १०-१२. त्यातले निम्मे जिरून बाळीवर गेले.

लवकर धरली तरी मार, उशिरा धरली तरी मार, मध्ये धरली तर घड नाही. अर्धी बाग आधी आणि अर्धी नंतर छाटावी का? तुम्ही लोक काय करता? घरात रोज हाच विषय आहे, म्हणून मोकळेपणानं विचारतोय.

बेदाणा

दादा, वाचून पोटात तुटलं. आमच्याकडं तासगावात पण हेच रडगाणं हाय.

अर्धी-अर्धी आम्ही दोन वर्षं करून बघितली. एक तोटा सांगतो. पहिल्या तुकड्यात डाऊनी आली की वारा ती दुसऱ्या तुकड्यात घालतो, आणि तिथं फूट अजून कोवळी. मग फवारणी रोजचीच. मजूर पण दोनदा गोळा करायला लागतात. फायदा एवढाच की एका पावसात सगळंच जात नाही. चार एकरांत दोन तुकडे ठीक, दोन एकरवाल्यानं करू नये.

मोसमखोरं

आम्ही सटाण्याकडचे, अर्लीवाले. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये छाटतो आणि डिसेंबरात माल काढतो. सगळा जुगार पहिल्या दराचा. भर पावसात फूट सांभाळायची, चिखलात ट्रॅक्टर चालत नाही म्हणून पाठीवर पंप घेऊन फवारायचं. २०१९ च्या त्याच पावसात आमचा माल पाणी उतरून, म्हणजे मणी मऊ पडून, गोड झालेला होता. पाऊस थांबल्यावर दोन दिवसांत मणी तडकले. घड हातात घेतला की रस कोपरापर्यंत ओघळायचा. बांधावर नेऊन ओतला सगळा.

तरी पुढच्या वर्षी पुन्हा अर्लीच धरली. दुसरं येतच नाही आम्हाला.

केतकी_पुणे

शेतीतलं काही कळत नाही, पण धागा एका दमात वाचला. घड जिरून बाळीवर जाणं म्हणजे काय? आणि डिसेंबरात घेतलेली द्राक्षं घरी ठेवली तर पिकून गोड होतात का? दरवर्षी फसते.

मृदगंध

केतकी, आधी तुझं. वेलीला आधारासाठी जो दोऱ्यासारखा वळणारा तंतू येतो ती बाळी. घड आणि बाळी एकाच मुळातून तयार होतात. वेलीत साठा भरपूर असेल, ऊन मिळालं असेल तर त्याचा घड होतो, नाहीतर बाळी होते. घड पोंग्यातून, म्हणजे कोवळ्या फुटीतून, बाहेर आल्यावरही ढगाळ, दमट हवा राहिली तर तो लांबत लांबत बाळी होऊन जातो. त्याला बागायतदार घड जिरला म्हणतात.

आणि द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. आंबा, केळी, चिकू पिकतात, द्राक्ष जसं तोडलं तसंच राहतं. डिसेंबरात थंडीनं साखर भरायला वेळ लागतो, फेब्रुवारीत ऊन तापलं की माल गोड होतो. हिरव्या जातीत किंचित पिवळसर झाक आलेला घड घे, आणि देठ हिरवा बघ.

आता गोदाकाठ दादा, तुमच्याशी जरा स्पष्ट बोलते. तुमच्या तीन वर्षांपैकी २०१९ आणि २०२३ चा संबंध ऑक्टोबरच्या तारखेशी आहे. २०२५ चा नाही. तुमचे घड ऑक्टोबरात गेले नाहीत, ते मे-जूनमध्ये तयारच झाले नाहीत. खरड छाटणी, म्हणजे माल निघाल्यावर नवीन काडीसाठीची उन्हाळी छाटणी, कधी केली होती?

गोदाकाठ

ताई, २० एप्रिलला. माल मार्चअखेरपर्यंत बागेत होता, मग वेलीला विसावा दिला.

मृदगंध

तेच वाटलं होतं. मी काडीवरचे डोळे, म्हणजे कळ्या, तपासायचं काम करते. गोडी छाटणीच्या आधी शेतकरी काड्या आणून देतात, आम्ही प्रत्येक डोळा ब्लेडनं उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. आत घड असेल तर मध्यभागी फुलकोबीच्या गड्ड्यासारखी बारीक गाठ दिसते. नसेल तर नुसती पानांची घडी. काडीवरचा तिसरा डोळा, चौथा, पाचवा असं लिहून देतो, त्यावर कात्री कुठे मारायची ते ठरतं. सबकेन केलेल्या, म्हणजे शेंडा खुडून बगलफुटीवर वाढवलेल्या, काडीला बहुधा गाठीच्या जवळचे डोळे चांगले निघतात.

हा घड डोळ्यात बसतो तो खरड छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत. त्या तीन आठवड्यांत काडीवर कडक ऊन हवं, पाणी बेतानं हवं, नत्र कमी हवं. तुमच्या २० एप्रिलमध्ये ४० दिवस मिळवा. मे संपतो. आणि २०२५ चा मे आठवा. पहिल्या पंधरवड्यापासूनच आभाळ, आणि २६ मे ला तर मान्सून मुंबईत. तुमच्या काडीला ऊन पाहिजे होतं तेव्हा ती रोज भिजत होती. मुळाशी पाणी, वर ढग, म्हणजे वेल नुसती शेंडा वाढवते. सप्टेंबरात आमच्याकडे आलेल्या काड्या बाहेरून जाड, तजेलदार. आत बघावं तर डोळेच्या डोळे रिकामे. मला स्वतःला शेतकऱ्याच्या हातात तो कागद द्यायला नको वाटायचं.

गोदाकाठ

हे वाचून मी उठून वहीत बघितलं. आमच्या शेजारी भाऊंचा प्लॉट आहे, बांधाला बांध. त्यांची खरड २८ मार्चची. त्यांना यंदा वेलीला २५ च्या आसपास घड होते. आम्ही सगळे म्हणायचो की भाऊंनी काहीतरी वेगळं औषध मारलं. ती कात्रीची तारीख होती तर!

काडी तपासायला मी दिलीच नव्हती. काडी इतकी छान दिसत होती की गरज वाटली नाही.

कात्रीवाला

सगळ्यांनी आता मार्चमध्ये खरड करायला धावू नका. मी जिल्ह्यात छाटणीच्या टोळ्या घेऊन फिरतो, बागा बघितल्यात. मार्चअखेर खरड केली की नवीन फूट येते ती ४० अंशांच्या उन्हात. ओलांडा, म्हणजे तारेवरचा वेलीचा आडवा जाड फाटा, उघडा पडतो, त्याची साल भाजते, डोळे मागेपुढे फुटतात. माल काढून महिनाभर विसावा न देता कात्री लावली तर वेल उपाशी. आणि पाणी? एप्रिल-मेमध्ये विहिरीत असतं कुणाच्या?

बेदाणा

कात्रीवाले भाऊ बरोबर बोलतात. आमच्याकडं जतच्या बाजूला उन्हाळ्यात बागा टँकरवर जगवल्यात लोकांनी. रात्री दोनला टँकर यायचा आणि ठिबकच्या टाकीत ओतायचा. तिथं लवकर खरड म्हणजे अजून महिनाभर टँकर.

पण मृदगंध ताई सांगतात ते पण खरं हाय. ज्याला पाणी हाय त्यानं १० एप्रिलच्या आत उरकावी असं माझं मत झालंय. ओलांड्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, बुडात पाचट टाकायचं, फूट सारखी निघते.

शिवारफेरी

आमच्या गावात हवामानाची चार अ‍ॅपं आणि एक तात्या. तात्या मुंग्यांची अंडी बघून सांगतात. चारही अ‍ॅपं वेगवेगळं सांगतात, म्हणून शेवटी सगळे पारावर तात्यांकडे. तात्या म्हणाले, "मुंग्या पण यंदा गोंधळल्यात रे."

फ्रेस्नोकर

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोहून. मूळ पलूसचा, घरी बाग होती, आता इथे द्राक्षपट्ट्यातच नोकरी.

इथे वर्षात एकच छाटणी, डिसेंबर-जानेवारीत. थंडीत वेलीची पानं गळतात, ती चक्क झोपते. वसंतात आपोआप सारखी फुटते. आपल्याकडे वेलीला झोपायला थंडीच नाही, म्हणून आपण वर्षातून दोनदा कात्रीनं तिला उठवतो आणि फूट सारखी यावी म्हणून डोळ्यांना पेस्ट लावतो. जी वेल मुळात थंड हिवाळा आणि कोरड्या उन्हाळ्याची, तिला आपल्या आजोबांनी पावसाळ्याच्या दोन्ही काठांवर उभं केलं. हे लहान काम नाही. इथल्या लोकांना मी सांगतो तेव्हा ते दोनदा विचारतात, वर्षात दोन छाटण्या आणि पीक एकच?

पावसाची भीती मात्र इथेही आहे. थॉमसनचे घड ऑगस्टअखेरीला तोडून ओळींच्या मध्ये जमिनीवर कागद अंथरून त्यावर वाळवतात. दोन-तीन आठवडे ऊन लागतं. सप्टेंबरात एक पाऊस आला की कागदावरच माल कुजतो. त्या दिवसांत इथला शेतकरी पण रात्री अंगणात येऊन वर बघतो, आपल्या आण्णांसारखाच.

बेदाणा

पलूस म्हणजे आमच्या शेजारचेच की ओ तुम्ही! जमिनीवर वाळवणं आम्हाला जमायचं नाही. आम्ही शेडमध्ये जाळ्यांवर वाळवतो, आठ-दहा थर एकावर एक. आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढायचं, म्हणजे सालीवरचं मेण उघडतं आणि पंधरा-सोळा दिवसांत सावलीत हिरवा बेदाणा तयार होतो. मार्चमध्ये अवकाळी आला, हवा दमट झाली की तोच बेदाणा काळा पडतो. दर निम्म्यावर. ताडपत्र्या बांधत आख्खी रात्र जाते, बायका-पोरांसकट.

केतकी_पुणे

मेणावरून आठवलं. द्राक्षांवर पांढरी भुकटी असते ती औषधाची ना? मी मिठाच्या पाण्यात तासभर ठेवते.

मृदगंध

ती बहुतेक वेळा द्राक्षाची स्वतःची लव असते, नैसर्गिक मेण. बोटानं पुसली तर खाली मणी चमकतो. वाहत्या पाण्यात नीट धुतलीस की झालं. लव असलेला घड म्हणजे फार हाताळलेला नाही, तोच घ्यावा.

नाना दिंडोरी

मंडळी, पावसाबद्दल सगळे बोलले, थंडीचं कुणी काढलं नाही. निफाडला, आमच्या दिंडोरीला डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो, दुपारी २८. या फरकानं हिरवा मणी गुलाबी पडतो. पिंक बेरी. चवीला काही वाईट नसतो, पण निर्यातवाला पेटी उघडून बघतो आणि नको म्हणतो. म्हणून पाणी उतरायच्या वेळेला एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतो. एकरात हजारो घड. पेठ-सुरगाण्याकडच्या बाया येतात, त्यांचे हात असे चालतात की बघणाऱ्याला कागद दिसतच नाही. घड पकडला, कागद फिरला, पिन बसली, पुढचा.

कडाक्याच्या रात्री पहाटे चारला ठिबक सुरू करायचं. विहिरीचं पाणी कोमट असतं, त्यानं बुडाला ऊब राहते. बांधावर शेकोट्या, धूर बागेत फिरला पाहिजे. माझं वय ६८ आहे, अजून पहाटे मीच उठतो. पोरांना मोटार चालू करता येते, पण धूर कुठल्या बाजूनं करायचा ते वारा बघून ठरवावं लागतं.

ओलांडा

इतकी चर्चा झाली, पण मला वाटतं उत्तर एकच आहे, प्लॅस्टिक आच्छादन. माझ्या दीड एकरावर टाकलंय. पान भिजत नाही तर डाऊनी कशी येईल? फवारण्या निम्म्यावर आल्या. इटलीत खायच्या द्राक्षाच्या बागा अशाच झाकतात. तारखांचा घोळच संपतो.

मोसमखोरं

आणि खर्च? सांगाडा, कापड, तारा मिळून एकरी लाखांत जातं. कर्ज फेडून झालेल्यानंच विचार करावा. वादळ आलं तर कापड शेजारच्या शिवारात.

मृदगंध

ओलांडा दादा, आच्छादनानं डाऊनी कमी होते हे खरं. पण आतली हवा कोंडते, भुरी ही पांढरी बुरशी आणि फुलकिडे वाढतात, तिकडे लक्ष ठेवा. दुसरं, त्यानं ऊन अडतं. गोडी छाटणीनंतर जरूर झाका, पण एप्रिल ते जून, डोळ्यात घड बसत असताना कापड गुंडाळून ठेवा. मागच्या हंगामात दोन झाकलेल्या बागांच्या काड्या रिकाम्या निघाल्या, दोघांनीही मे मध्ये कापड काढलं नव्हतं. त्यांचा हेतू चांगलाच होता, अवकाळीपासून कोवळी फूट वाचवायची.

ओलांडा

हे मला कुणी सांगितलं नव्हतं ताई. मी पण मे मध्ये काढलं नव्हतं. घड कमी आले ते खताच्या नावावर टाकलं. यंदा काढतो.

शिवारफेरी

विम्याचं पण बोला कुणीतरी. २०२३ च्या गारांत माझी बाग पूर्ण गेली. कंपनीचं म्हणणं, तुमच्या महसूल मंडळातल्या केंद्रावर तेवढा पाऊस नोंदला नाही. केंद्र माझ्या बागेपासून ९ किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे. गार काय विचारून पडते का? माझ्याकडे फोटो होते, तलाठ्यांचा पंचनामा होता. चौदा महिने हेलपाटे घातले, हातात काही नाही. विमा हवामानाचा, पण हवामान माझ्या बागेचं धरत नाहीत. गावागावात केंद्र बसवा, एवढंच मागणं आहे.

नाना दिंडोरी

शिवारफेरी, हे अगदी बरोबर. आणि विमा कंपनीला ७२ तासांत कळवावं लागतं, पण गार पडल्यावर गावात दोन दिवस वीज नसते, फोन बंद. पुढच्या वेळी पहिल्या तासात फोटो काढून शेजारच्या गावातून पाठवा.

फ्रेस्नोकर

डाऊनीवरून एक गोष्ट. हा रोग मुळात अमेरिकेतला, १९ व्या शतकात युरोपात गेला आणि फ्रान्सच्या बागा उजाड करत सुटला. तिथे बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींना वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून मोरचूद आणि चुना फासत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं की रस्त्याकडेच्या वेलींचीच पानं शाबूत आहेत. त्यावर प्रयोग करून त्यांनी १८८५ मध्ये ते जाहीर केलं. तेच आपलं बोर्डो.

नाना दिंडोरी

वा! चोरासाठी केलेलं औषध १४० वर्षं आमच्या पोटाला घालतंय.

पोरांनो, बोर्डो मात्र घरीच आणि ताजं करा. एक टक्क्यासाठी १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळं भिजवायचं, लोखंडी भांड्यात नाही. एकत्र केल्यावर स्वच्छ खिळा बुडवून बघायचा. खिळ्यावर तांबूस थर चढला तर चुना अजून पाहिजे, तसंच मारलं तर पान करपतं. खिळा पांढरा राहिला की फवारा. सकाळी केलेलं संध्याकाळपर्यंत संपवायचं.

कात्रीवाला

धागा लांबला, पण गोदाकाठ दादांचा प्रश्न तसाच राहिला. ऑक्टोबरची तारीख.

माझं म्हणणं असं. एक तारीख धरून बसू नका. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काडी तपासा. घड कुठल्या डोळ्यावर आहेत ते कळल्याशिवाय कात्री हातात घेऊ नका. दोन तुकडे करा, १० ते १५ दिवसांचं अंतर ठेवा, वाऱ्याच्या वरच्या बाजूचा तुकडा नंतर छाटा, म्हणजे बेदाणा म्हणतात तशी डाऊनी एकातून दुसऱ्यात लवकर जाणार नाही. आणि दसऱ्याच्या मागे-पुढे आठवडाभराच्या अंदाजात सलग पाऊस दिसला तर थांबा. काडी आठ दिवस थांबते. फुटलेला पोंगा थांबत नाही.

मृदगंध

कात्रीवाले दादांशी शंभर टक्के सहमत. दादा, लवकर खरडीबद्दल तुमचं म्हणणंही मला पटलंय. मार्चची घाई सगळ्यांना झेपणार नाही. पण गोदाकाठ दादांकडे नदीचं पाणी आहे, त्यांनी एप्रिलचा पहिला आठवडा साधावा. मे च्या मध्याला ४० दिवस भरतात. वळवाच्या आधी चार-सहा उन्हं जरी जास्त मिळाली तरी डोळ्यात फरक दिसतो.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. मी ऑक्टोबरचं विचारायला आलो होतो, आणि माझं यंदाचं वर्ष एप्रिलमध्येच गेलं होतं हे इथे कळलं.

आज आण्णांना धागा वाचून दाखवला. ते ७४ चे आहेत, डोळ्यांना कमी दिसतं. खिळ्याचं ऐकून हसले, म्हणाले आम्ही पण असंच करायचो. मग बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "आमच्या वेळेला मे महिन्यात ढग बघितलेलं आठवत नाही. ऊन फुकटचं होतं, म्हणून त्याची किंमत कळली नाही."

ठरलं असं: माल परवा संपलाय, तेव्हा विसावा पंधरा-सोळा दिवसांचाच मिळतो. तेवढ्यात शेणखत आणि पाणी देऊन वेल सावरतो. थॉमसनच्या दोन एकरांची खरड ५ एप्रिलला. उरलेला एकर आणि शरद १५ ला, कारण तिकडचा पाण्याचा पाईप अजून दुरुस्त व्हायचाय. ओलांड्यावर पाणी मारायला दोन माणसं सांगून ठेवली. शेजारच्या भाऊंनाही विचारून आलो, ते म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत असेल."

मृदगंध ताई, सप्टेंबरात काड्या पाठवायच्या तर किती आणि कशा?

मृदगंध

प्रत्येक तुकड्याच्या वेगळ्या पाठवा, एकत्र करू नका. बागेच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून घ्या, जाड, मध्यम, बारीक अशा तिन्ही. नुसत्या देखण्या काड्या निवडू नका, बागेत जशा आहेत तशा. ओल्या फडक्यात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचतील असं बघा. चिठ्ठीवर खरडीची तारीख लिहायला विसरू नका.

गोदाकाठ

लिहितो ताई. ५ एप्रिलला पहिली कात्री आण्णाच लावणार आहेत, फोटो टाकतो.